मागं फिरायचं बटण

सेलूत, जिनिंगच्या कंपाउंडाला लागून
एक दुकान होतं: दोन टीव्ही, चार खुर्च्या,
अर्ध्या तासाचे दोन रुपये.
खुर्चीवाल्यानं खेळायचं,
भिंतीला टेकून उभं राहील त्यानं फुकट बघायचं.
मी फुकटातली. नागनाथची बहीण म्हणून.

गेममधला बेडूक पत्र्याचं टोपरं घालायचा.
खरं नाव कॅसेटवर छापलेलं होतं,
पण ती अक्षरं कुठल्या मुलखाची, कुणाला ठाऊक.
आम्ही म्हणायचो टुणक्या.
टुणक्या फक्त उजवीकडं जायचा.
खड्डा, काटे, पुन्हा खड्डा,
आणि मागं राहिलेलं सगळं
पडद्याची कड गिळत यायची.
मागं फिरायचं बटणच नव्हतं त्याला.
तीन जीव. तिन्ही गेले की दोन रुपये.

एकदा इलियासनं नांदेडहून
पोतंभर सीड्या आणल्या, किलोच्या भावानं.
त्यात एक निघाली, टुणक्याचंच कार्टून.
खेळायचं नाही, नुसतं बघायचं.
टुणक्या परीकथांत शिरलेला,
जशी लग्नात कुणाचीच ओळख नसलेली एखादी पंगत शिरते.
कधी रानातल्या म्हातारीच्या दारात,
कधी झोपलेल्या राजकन्येच्या उशाला,
कधी काचेचा बूट टोपऱ्यावर तोलत
जिना उतरताना.

भाषा कळेना. मधेच आवाजही बसायचा.
मग इलियास काउंटरवरून उठला,
टीव्हीशेजारी उभा राहिला
आणि बोलायला लागला,
राजाचं, लांडग्याचं, बुटाचंसुद्धा.

"कुठं चाललीस गं, एवढ्या सांजच्याला?"
"मावशीला भाकर द्यायला.
तुला बी पाहिजे का? मग तसं बोल की,
दात कशाला दाखवायलास?"
आणि लांडगा खरंच खाली बसायचा.
चित्रात तो बहुतेक दबा धरत होता.

राजकन्येला त्याच्या गोष्टीत शाप नव्हता.
ती रातपाळी करून आली होती.
"उठवू नका रे तिला," टुणक्या म्हणायचा,
अन् राजपुत्र लगाम धरून
बाहेर थांबायचा, चांगला शंभर वर्षं.
आमची आई तेव्हा जिनिंगात
कवडी निवडायची.
मी नागनाथकडं बघितलं नाही.
त्यानंही माझ्याकडं नाही.

शेवटच्या गोष्टीवर ओरखडा होता.
दर वेळी त्याच पायरीवर
टुणक्याचे चौकोन चौकोन व्हायचे,
बूट हवेत, टोपरं तिरकं,
आणि तोंड डावीकडं.
पहिल्यांदाच डावीकडं.
"हा उलटा कुठं चाललाय?" सगळे ओरडलो.
इलियासनं सीडी काढली, बनियनला पुसली,
परत घातली. तेवढ्यात लाईट गेली.
अंधारातनं त्याचा आवाज आला:
"कायतरी राहिलंय त्याचं मागं."
"काय?"
"ते उद्या सांगतो."

उद्या भारनियमन होतं. परवा परीक्षा.
मग इलियास दुबईला गेला का हैदराबादला,
दोन्ही ऐकलं. खुर्च्या कुणी नेल्या, ते नाही ऐकलं.

आता माझ्या लेकीकडं जाड पुठ्ठ्याचं पुस्तक आहे.
त्यातला लांडगा कुणाला गिळतो,
त्यातला राजपुत्र न विचारता आत येतो.
मी म्हणते, छापताना चुकलंय गं त्यांचं.
नागनाथला फोनवर टुणक्याचं विचारलं.
चाकणला शिफ्टमधून सुटत होता.
म्हणाला, असलं काही नव्हतं, तू स्वप्न बघितलं असशील.
मग थोडं थांबून,
"टोपरं पत्र्याचं होतं का गं?"

दिवाळीला सेलूत उतरले.
त्या जागी बी-बियाण्याचं दुकान आहे.
भिंतीला पोपटी रंग,
आणि कमरेच्या जरा वर
काळपट गोल डाग, ओळीनं.
"दोनदा रंग मारला," दुकानदार म्हणाला,
"कशाचं तेल आहे कोण जाणे, वर येतंच."

मी सगळ्यात खालच्या डागापाशी
वाकून बघितलं,
अन् सरकीचा भाव विचारला.