काठ

पॅराफिनच्या ठोकळ्यातून चार मायक्रॉनची चकती निघते,
कोमट पाण्यावर तरंगते,
सुरकुती पडली तर ब्रशने सरळ करायची.
एवढं माझं काम. निदान डॉक्टर करतात,
मी रंगवते: केंद्रकं जांभळी, बाकी सगळं गुलाबी.

काचेवर नंबर असतो. नाव फॉर्मवर.
खासबाग, वय बावन्न, डावा स्तन,
सहा डोसांनंतर कापून आलेली गाठ, जेमतेम तसूभर आटलेली,
रत्नव्वा कामकर.
जिच्या मागाचा खडखडाट
आमच्या सामाईक भिंतीतून येऊन
माझ्या पाढ्यांत मिसळायचा. बे एके बे, धोटा गेला. बे दुणे चार, धोटा आला.

संध्याकाळी लॅब रिकामी झाल्यावर
मी काच परत लावली.
गाठीच्या पेशी ओळखीच्याच होत्या,
उर्मट, एकमेकींवर चढलेल्या.
मी काठाकडे सरकवली.
तिथे लांबट पेशी,
कुणीही बघून म्हणेल, विणकर.
गुलाबी ताणा, गुलाबीच बाणा,
इतका घट्ट की फणी शिरायची नाही.
कुणीतरी त्यांना सांगितलंय, इथे जखम आहे.
जखम म्हटलं की त्यांचे हात चालू होतात.
त्या भरतायत, भरतायत,
न झालेली जखम भरतायत,
आणि सलाइनमधून उतरलेलं औषध
त्या कापडाबाहेर थबकलंय,
खळ जास्त झालेल्या लुगड्यावर पाणी थबकतं तसं.

सफाईला आलेल्या मोठ्या पेशी
केर टाकून गाठीसाठी रक्ताचे नवे पाट खणतायत.
चरबीच्या पेशी कोठी उघडी टाकून बसल्यात,
कोण किती नेतंय, हिशेब नाही.
आणि राखणीच्या बारीक जांभळ्या पेशी,
आल्या नाहीत असं नाही,
पण कोगनोळीच्या नाक्यावर ट्रक तुंबावेत
तशा काठाशीच रांगेत. आत सोडत नाही कुणी.

मी काठावरच वाढले.
एका पाटीवर दोन लिप्या,
कधी हिच्यावर डांबर, कधी तिच्यावर.
अशा दिवशीही भिंतीपलीकडून हाक यायची,
अर्धी कन्नड, अर्धी आमची:
‘बा गं, कांड्या भरायच्यात.’
माझी दहावीची फी त्या कांड्यांतून निघाली.
तेव्हा शेजार वाईट असतो
असं मला एकदम म्हणवत नाही,
काचेवर दिसत असूनही.

रिपोर्ट दोन ओळींचा झाला.
‘भोवती दाट तंतुमय प्रतिक्रिया. औषधाला प्रतिसाद अल्प.’
पुढे दुसरं औषध, मग किरणं,
मीटिंगमध्ये बराच वेळ बोलणं चाललं म्हणे.
गाठीबरोबर गाठीच्या गोतावळ्याचंही काही बघायला हवं,
असं नवीन मॅडम म्हणाल्या. नक्की काही ठरलं नाही.

रविवारी गेले.
मागावर अर्धं लुगडं तसंच,
काठाचं लाल सूत धुळीने विटकरी झालेलं.
ती खाटेवर, काखेतली नळी उशीवर ठेवून.
‘तूच कापलीस म्हणे माझी चकती. काय दिसलं?’
सांगायचं नसतं.
‘गर्दी,’ म्हटलं.
‘कुणाची?’
‘तुझ्याच माणसांची.’
‘आणि जेवायला कोण घालतंय त्यांना?’
‘तूच की.’
हसली, मग टाका दुखला म्हणून थांबली.
मी हातांनी दाखवलं, विण कशी, किती दाट.
तिने एका नजरेत ओळखलं.
‘असं झालं तर कापत नाहीत, यव्वा.
आधी ताण सैल करायचा. मग धोटा आपोआप जातो.’

मी मान हलवली.
तिच्या हातात वाटी दिली, रव्याची पातळ पेज,
तिने दोन घोट घेतले, उरलेली मांजराला.

सोमवारी चौदा ठोकळे होते.
पाणी कोमट व्हायला वेळ लागला.