तक्ता क्रमांक चार

फतेगंजात जावयाचं झेरॉक्सचं दुकान आहे.
दुपारी तो जेवायला गेला की गल्ल्यावर मी बसतो.
एकतीस वर्षं नगर शिक्षण समितीचे हिशेब लिहिले,
आता पानामागे दोन रुपये मोजतो.

थोकोझानी आली मार्चमध्ये, पेन ड्राइव्ह घेऊन.
मलावीची. अर्थशास्त्र, दुसरं वर्ष.
तिच्या प्रबंधातला चार नंबरचा तक्ता
पानात मावत नव्हता.

डावीकडे तिचा देश, उजवीकडे माझा.
प्राथमिक शिक्षण, सरकारी खर्च:
एकूण किती, दर मुलामागे किती,
अंदाजपत्रकाचे टक्के किती,
क्वाचा, रुपये, आणि मग दोन्हींचे डॉलर,
जशी दोन पोरं तिसऱ्याच्याच दारात
उंची मोजून घ्यायला उभी.

मी अक्षर बारीक केलं, पान आडवं केलं.
सवयीने बेरीजही केली.
"सत्तावीसने चुकतेय," म्हटलं.
ती स्टूल ओढून बसली.
पुन्हा मोजलं आम्ही, ती बोटांवर, मी ओठांत.
मी मराठीत पुटपुटत होतो, ती कुठल्या भाषेत, कळलं नाही;
हातचा मात्र दोघांनी एकाच जागी घेतला.

मग जास्त कोण करतं, मी विचारलं.
कशाच्या मानाने, त्यावर आहे, ती म्हणाली.
हे उत्तर माझ्या ओळखीचं.
मार्चअखेर साहेबांना मीही हेच द्यायचो.

"आमच्या शाळेच्या विटा आईने भाजल्या,"
ती एकदम म्हणाली, स्क्रीनकडे बघत.
"गावातल्या सगळ्या बायांनी मिळून.
माती आमची, लाकूड आमचं, पाणी डोक्यावरून.
सरकारने पत्रे दिले.
पत्रे आहेत यात कुठेतरी. तिसऱ्या ओळीत असतील.
विटा नाहीत."

बडोद्यात शाळांचा विषय निघाला
की लोक महाराजांपासून सुरू करतात.
मी दिघेबाईंपासून केली.
वाडीतली मराठी शाळा, पहिलीचा वर्ग.
दर जूनला पाट्या आणायच्या मांडवीतून,
ठोक भावात, घासाघीस करून, स्वतःच्या पगारातून.
एका वर्षी बिल घेऊन माझ्या टेबलाशी आल्या.
म्हटलं, बाई, या खर्चाला लेखाशीर्ष नाही.
त्यांनी बिलाची घडी केली, पर्समध्ये ठेवली,
आणि विचारलं, तुमच्या धाकटीला दात आले का?

त्या साली पाट्यांवरचा खर्च शून्य निघाला.
साहेब खूश. बचत म्हणाले.
ते शून्य माझ्याच हातचं. चांगलं वळणदार.

थोकोझानीने काही विचारलं नाही.
कीबोर्ड स्वतःकडे ओढला,
तक्त्याच्या तळाशी एक ओळ वाढवली:
"इतर, नोंद नसलेले."
तिच्या देशाखाली एक चौकोन, माझ्याखाली एक.
दोन्ही मोकळे ठेवले.
"सर काढायला लावतील," म्हणाली.
"लावू देत," मी म्हटलं.

एवढ्या एका ओळीने तक्ता परत पानाबाहेर गेला.
मशीनने ती ओळ वेगळ्या पानावर टाकली,
एकटी, वरच्या कडेला.

जावई आला, हात पुसत. पानं चाळली.
"हे कोरं कशाला काढलंत? वाया गेलं की."

कोरं नाहीये ते, मी म्हटलं.
त्याचेही दोन रुपये घेतलेत.