घामाची कृती

एक लिटर शुद्ध पाणी,
पाच ग्रॅम मीठ, अर्धा ग्रॅम हिस्टिडिन,
अडीच ग्रॅम फॉस्फेट,
मग कॉस्टिक थेंब थेंब
मीटरवर आठ दिसेपर्यंत.
झाला घाम.
बाटलीवर चिठ्ठी लावते : आजची तारीख,
खाली सही, व. न. गाजूल.

बाहेर अक्कलकोट रोडवर एप्रिल आहे.
पत्र्याच्या शेडमधून माणसं बनियनवर बाहेर येतात,
नळाखाली डोकं धरतात, परत आत जातात.
इथे वीस अंश. दमटपणा पासष्ट टक्के.
आलेलं कापड आधी चोवीस तास नुसतं पडून राहतं,
त्याला हवा मानवेपर्यंत
कुणी हात लावायचा नाही.
एवढी बडदास्त सोलापुरात
मी जावयाचीही पाहिली नाही.

लाल चादरीचा तुकडा
पांढऱ्या कापडाला टाचून घामात बुडवते,
वर वजन, सदतीस अंशांत चार तास.
सदतीस म्हणजे अंग.
पांढऱ्यावर लाल किती उतरला
ते करड्या पट्टीशी ताडून लिहायचं :
चार, साडेतीन, तीन.
विड्या वळून आईची पाठ भिजायची,
पोलक्याचा रंग पाठीवर उतरायचा.
न्हाणीत मीच घासायचे ती पाठ.
आज विचाराल तर,
दोन.

लॉट चारशे सतरा, टॉवेल, मोरपंखी.
इतका मऊ की गाल आपोआप तिकडे जातो.
डोळ्यांना पट्टी बांधून पाच बायकांनी चाचपला,
पाचात पावणेपाच गुण.
त्या रांगेत मी चोरून एक सहावा नमुना ठेवला होता,
नरसय्या गाजूलचा, घरचा,
साखर पेठेतल्या मागावरचा, एकोणीस वर्षं जुना.
त्याला सव्वा.
खरं तेच सांगितलं त्यांनी, राग कसला.
फक्त अंबव्वा त्यावरून हात काढेना.
म्हणाली, हा कुणाचातरी आहे.

मग पाणी.
एक सेंटिमीटरवरून एक थेंब.
चारशे सतरावर तो बसून राहिला
गोल, चकचकीत, शेठजीसारखा.
स्टॉपवॉच साठ सेकंदांना थांबवलं.
घरच्यावर पडला तो
पडताना दिसला,
पडलेला दिसला नाही.

मॅनेजरचा फोन : मॅडम, गिऱ्हाईक हाताने घेतं,
दुकानात काय पाणी ओततंय?
बरोबर आहे त्यांचं.
दुकानात कुणाचंच अंग ओलं नसतं.

चारशे सतराचा तुकडा पर्समध्ये घालून घरी नेला.
नियमात बसत नाही, माहीत आहे.
नाना पंख्याखाली, चष्मा कुठेतरी.
अंगठ्याने चोळला. पिका मोजल्या असाव्यात,
ओठ हलत होते.
मग अंगठा जिभेला लावला,
कापडावर दाबला, उचलून बघितला.
ओला तो ओलाच.
"नीळ्ळु तागदु," एवढंच म्हणाले,
पाणी पीत नाही हा,
आणि तुकडा मला परत दिला
दोन बोटांनी, दुसऱ्याची वस्तू द्यावी तसा.

रिपोर्टात लिहिलं :
स्पर्श, उत्तम.
शोषण, नापास.
शेरा हा रकाना कोराच सोडला.
सहाव्या नमुन्याची नोंद कुठेच नाही.

साडेपाचला बाटल्या विसळायच्या.
उरलेला घाम ओतून द्यायचा मोरीत.
शिळा चालत नाही,
रोज ताजा लागतो.