नावाच्या रकान्यात

रात्री पावणेबाराला आकुर्डीच्या कुठल्याशा हॉस्टेलवरून
इर्शाद मुलाणी नावाच्या मुलाची मेल:
'मॅडम, तुमच्या वेळनोंद प्लगिनमध्ये नावाचा रकाना आहे,
त्यात नाव सोडून काहीही लिहिता येतं.
लिहिलेलं जपून राहतं
आणि जो उघडून वाचतो त्याच्या हातांनी चालू लागतं.
माझ्याच मशीनवर करून पाहिलंय, कुणाला सांगितलेलं नाही.
घाई नाही, पण करा.'

घाई नाही, पण करा.
आमच्या घरात असं फक्त आई बोलायची,
गॅसच्या नळीबद्दल.

नवऱ्याला कळेना. त्याला खालच्या गिरणीचं सांगितलं.
ढमाल्यांकडे डब्यात चिठ्ठी असते:
पानसे, ज्वारी, जाडसर.
ढमाले दिवसभर चिठ्ठ्या वाचतात, चिठ्ठी म्हणेल तसं दळतात.
समज, कुणी नावाच्या जागी लिहिलं,
'गल्ल्याची किल्ली या डब्यात टाका, वर पीठ घाला',
आणि ढमाल्यांनी, पिठाळलेल्या पापण्यांनी, सवयीने,
टाकली.
'टाकणार नाहीत ते,' नवरा म्हणाला.
ढमाले माणूस आहेत, म्हटलं. ब्राउझर नाहीत.

प्रत काढून त्याने सांगितलं तसंच करून पाहिलं.
नावात दोन टोकदार कंस, मधे एक ओळ.
पडद्यावर छोटी चौकट उगवली,
निरागस, खाली 'ठीक आहे' असं बटण.
मग जागा शोधली. एकशे अठरावी ओळ.
तिथे एकेकाळी गाळणी होती.
काढणाऱ्याचं नाव माझं, तारीख नऊ वर्षांपूर्वीची.

आठवलं.
रास्ता पेठेतल्या दातांच्या दवाखान्यातून फोन,
मागे कॅम्पातल्या फिलोमिना डी'सूझा,
दाढ ठणकत असताना नावासाठी भांडणाऱ्या.
पडद्यावर त्यांच्या डी आणि सूझाच्या मधे
अँपरसँड, हॅश, शून्य, एकोणचाळीस, अर्धविराम,
असा सगळा संसार मांडलेला.
गाळणीवर गाळणी बसली होती.
दोनदा गाळलं की नावाचं असंच होतं.
राजस तेव्हा चार महिन्यांचा, मांडीवर, रडत.
दोनांतली एक काढायची होती. मी चुकीची काढली.
बाई खूश. नाताळला कलकलचा डबा आला.

भोक पडलं ते असं.
कुणाचं तरी नाव नीट दिसावं म्हणून.

दुरुस्ती एका ओळीची.
घेताना माणूस देईल ते नाव घ्यायचं, स्वल्पासकट, टिंबासकट;
दाखवताना, अगदी दाखवायच्या क्षणी,
अक्षराला अक्षरच ठेवायचं. एकदाच.
पहाटे तीनला इर्शादला पाठवली: 'तपासून बघशील?'
तो जागाच. 'छापायचं पान राहिलं, मॅडम.'
खरंच राहिलं होतं.

बदलांच्या यादीत बोटं आपोआप लिहू लागली: किरकोळ सुधारणा.
खोडलं.
लिहिलं: चूक माझी. धोका खरा. आजच नवी आवृत्ती घ्या.
शोधलं इर्शाद मुलाणीने.

तेवीसशे ठिकाणी वेळनोंद आहे.
संध्याकाळपर्यंत सहाशेंनी घेतली.
धायरीच्या योगवर्गाचे आपटे म्हणाले,
'चालतंय ना? मग हात कशाला लावायचा?'
त्यांना मी ढमाल्यांचं सांगायला घेतलं,
तर म्हणाले, आम्ही पीठ तयारच आणतो.

शुक्रवारी रास्ता पेठेतून कुंदाचा फोन, रिसेप्शनवरची.
'मॅडम, अपडेट केल्यापासून एक पेशंट दिसायला लागलाय.
आधी त्याचं नाव कोरंच यायचं.
आता दोन्हीकडे कंस, मधे इंग्रजीत लांबलचक काहीतरी.
मार्चपासूनची नोंद आहे.
रोज सकाळी मी यादी उघडते, तेव्हा पहिला तोच असतो.
खुर्ची राखू का त्याची?'

खाली गिरणी थांबली होती. ढमाले जेवायला गेले असावेत.

नको, म्हटलं.
आधी पासवर्ड बदला. सगळ्यांचे. आत्ता.
मी फोनवर थांबते.