घोडामैदान

सोनापूर म्हटलं की आमच्याकडं मसणवटा.
इथं आमची खोली, आठ खाटा,
आणि मयेकरच्या ट्रंकेत
आठांच्या वाट्याचं एक तिकीट.

चौदा वर्षं आकडे तेच:
कुट्टीच्या पोरीची जन्मतारीख, थापाच्या बुटाचं माप,
शेवटचा माझा, सत्तावीस, पागेतल्या ठाणाचा.

सत्तावीसमध्ये भुरी घोडी. पहाटे मी तिला खरारा करतो.
पहिली कधी आली नाही.
एकदा तिसरी आली, तेव्हा फोटोत
लगाम धरलेला माझा अर्धा हात.
आईनं तो गॅसच्या पुस्तकात ठेवलाय.

खोलीतले विचारतात, शुक्रवारी कोण मारणार?
मला लिदीचा वास कळतो, बाकी काही नाही.
इथं पैज लावायची नाही, फुकटचा कागद भरायचा:
सहा शर्यती, सहा नावं.
मयेकर सहाव्यात दर वेळी भुरी लिहितो.
अरे, नाही येणार ती.
"आजवर नाही आली," तो म्हणतो,
"घोडामैदान जवळच आहे."

कुट्टी कायमचा गेला जूनमध्ये.
विमानतळावर माझ्या मुठीत नोटा कोंबल्या,
"ओणमपर्यंतचा वाटा."
ओणम होऊन गेला.
त्याच्या पोरीची तारीख आम्ही बदलली नाही.
त्याचे पन्नास दिरहम कोण भरतं
कुणी विचारत नाही.

सोडतीच्या रात्री सात डोकी एका मोबाइलवर.
नाही, सहा. मी लवकर झोपतो.
तीनच्या बसनं पागेत पोचायचं असतं;
चंदीला उशीर झाला
की भुरी टाप आपटते.