कानउघाडणी

मी वाजवत काहीच नाही.
झांझिबारच्या धक्क्यावर फेरीबोटीची तिकिटं फाडतो,
आणि मंगळवारी-गुरुवारी संध्याकाळी
क्लबाचा जिना चढून खुर्च्या मांडतो.
तेवीस वर्षं झाली. सव्वीस खुर्च्या. एक लंगडी,
ती माझी.

खातिबांच्या मांडीवर कानून येतो तेव्हा
अजून कोणी आलेलं नसतं.
अठ्ठ्याहत्तर तारा, एकेका सुराला तीन तीन,
आणि समुद्राची दमट हवा रोज त्यांना
थोडं थोडं फितवते.
म्हातारा एकेकीची समजूत काढत बसतो,
रुसलेल्या सुनांची काढावी तशी.
खरं सांगू? गाण्यापेक्षा मला हेच आवडतं.
गाणं सगळ्यांचं असतं.
सुरात येण्याआधीची ही कुरकुर
फक्त आम्हा दोघांची
आणि पत्र्याखालच्या कावळ्यांची.

व्हायोलिनवाला मखामे म्हणतो, तो मधला सूर
कैरोत वाजतो तसाच वाजला पाहिजे.
मी म्हणतो, आपल्याकडे तो केसभर खाली बसतो,
उन्हातून आलेला माणूस ओट्यावर टेकतो तसा.
यावरून आमचं सहा महिने बोलणं बंद होतं.
(खुर्ची मात्र मी त्याचीही मांडत होतो.)

परक्याला ताराब समजावणं कठीण.
बोटीवरचे पाहुणे विचारतात, नाचायचं कधी?
नाचायचं नाही. बसायचं.
ऐकायचं, आणि एखादी ओळ आपली वाटली
की उठायचं, सगळ्यांदेखत, सावकाश,
नोट वर धरून चालत जायचं
आणि गाणारीच्या हातात द्यायची.
एवढंच. पण कोण कुठल्या ओळीला उठली
आणि उठताना कोणाकडे पाहिलं,
यावर गल्लीत वर्षभर भांडणं पुरतात.
दोन सोयरिकी मोडल्याचं मला माहीत आहे.

ईदनंतरच्या शनिवारी बी शेखा गात होत्या.
नवं गाणं. तालमीत मी अकरा वेळा ऐकलेलं.
डोळे मिटून त्या केसभर सुराची वाट बघत होतो.

रात्रभर जो ऐकत बसतो लोकांच्या तारा,
त्याच्या घरची कडी वाजून वाजून गप्प होते.

डोळे उघडले तर मधल्या वाटेवरून
झुवेना चाललेली. माझी बायको.
एरवी येत नाही, आली तर खांबामागे बसते.
हातात पाच हजारांची नोट,
सकाळी मीच मासळीसाठी दिलेली.
तिने कोणाकडे पाहिलं नाही.
गरजच नव्हती. अख्ख्या हॉलने
माझ्याकडे पाहिलं.
आणि खातिब, लबाड म्हातारा,
ती ओळ कानूनवर पुन्हा वळवून घेऊन आले.

अकरा वेळा ऐकलं होतं मी.
चाल ऐकली होती.

परतताना गल्लीत वीज नव्हती.
ती पुढे, टॉर्च घेऊन मी मागे.
कांगाच्या काठाला एक ओळ छापलेली असते,
सगळ्याच कांगांना असते,
इथल्या बायका बोलायचं ते नेसतात.
लग्नाला एकोणीस वर्षं, मी एकही वाचली नव्हती.
आता वाचायला गेलो तर चालताना
अक्षरं घडीत शिरत होती, बाहेर येत होती.
'सावकाश' दिसलं. मग 'तुला नाही'.
मधलं काही लागेना.
काय लिहिलंय गं, मी विचारलं.
नेसायचं काम माझं, ती म्हणाली, वाचायचं तुझं.

खुर्च्या अजून मांडतो. आता सत्तावीस.
मखामेशी वाद चालू आहे,
तो सूर केसभर खालीच आहे, मरेपर्यंत म्हणेन.
पण कधी कधी तारा जुळल्या
की गाण्याआधीच जिना उतरतो.
गच्चीत दोरीवर कांगा वाळत असतात.
वारा त्यांना उलटं करतो, अक्षरं पाठीमागून दिसतात,
मी मान वाकडी करून उभा.
शेजारीण हसते.

काल एक पूर्ण लागली.
सांगणार नाही.