सोमवारी बंद

वसमतला मोंढ्याच्या कोपऱ्यावर माझं दुकान.
हळदीची पोती वाहून हमाल येतात, खुर्चीत बसतात,
मान झटकली की पिवळी पूड.
झाडून गोळा केली तर आठवड्याचं वरण निघंल.

चारनंतर क्लास सुटलेली पोरं.
मोबाइल पुढं धरतात, "काका, सेम असं."
कुणी कोरियाचा, कुणी ब्राझीलचा,
बाजूनं झिरो, वर तुरा,
भुवईत ब्लेडनं एक रेघ.
मी करतो. धंदा हाय.
रात्री त्यांचेच बाप दाढीला येतात,
"दत्ताराव, काय लेकरांची डोकी करून ठेवली रे!"
मी फेस घोळत ऱ्हातो.
गळ्यावर वस्तरा आला की
माणूस आपसूक गप होतो.

घरात मात्र रंग चालणार न्हाई,
हे मी जेवताना तीनदा सांगितलेलं.
माझ्या बापानं नवरदेवांच्या दाढ्या केल्या,
दहाव्याला नदीवर ओळीनं बसलेली डोकी केली.
म्हणायचा, डोकं दुसऱ्याचं असतंय,
हात लावायच्या आधी इचारावं.
त्याचंच नाव पोराला ठेवलं.
दाखल्यावर नागनाथ, आईच्या हाकेत नागू,
मोबाइलवर एन.के.
तिघं एकाच ताटात जेवतात.

सोमवारी दुकान बंद.
कात्र्या धारेला न्यायच्या म्हणून गेलो
तर शटर गुडघाभर वर, आत दिवा.
खुर्चीत हा.
माझंच कापड गळ्याला, वाटीत कालचं उरलेलं ब्लीच,
कपाळावरची एक बट
मोंढ्यातल्या कुठल्याही ढिगाहून पिवळी.

आरशात नजर भिडली.
त्यानं उत्तर पाठ केलेलं दिसत होतं.
माझाही हात वर गेला होता.
तो खाली आला तेव्हा चिमटीत बट होती.

"मुळाला लागलंय. कातडी जळंल.
दोन बोटं सोडून लावायचं असतंय."

पाठ केलेलं त्याच्या तोंडातच ऱ्हायलं.
बेसिनवर मान वाकवली त्यानं.
मामाच्या मांडीवर बसवून
ह्याचं जावळ मीच काढलं होतं,
तेव्हाही असेच डोळे गच्च मिटलेले.
पाणी पिवळं गेलं, मग फिकट, मग नुसतं पाणी.

"मागून पण करू?" मी इचारलं.

तेवढ्यात कुणीतरी शटर वाजवलं.
"आज बंद हाय,"
दोघं एकदमच बोललो.